अभियांत्रिकीच्या उच्च पदवीचे अर्ज : एक उपेक्षित दप्तर
(रोहें-अष्टमीच्या अनुषंगानें)

१

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहें व समोरच्या तीरावर अष्टमी अशीं हीं दोन गांवें वसलेलीं असून दोहोंची नगरपालिका एकच आहे. ह्या टापूंतील जुन्या घरांचा विषय निघाला म्हणजे संशोधकाच्या मनांत सनदा, महजर, वतनपत्रें आणि खोतीचे हिशेब हेच प्रथम येतात, व तें योग्यहि आहे. शेजारच्या पेण तालुक्यांतील वरसई येथें १८६३ सालीं जन्मलेल्या वि. का. राजवाडे यांनीं असे कागद घरोघर हिंडून मिळविण्याचा धडा महाराष्ट्राला घालून दिला; १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड बाहेर पडला, आणि तेव्हांपासून मोडी कागद दिसला कीं तो जपून ठेवावा एवढी जाणीव पुष्कळ घरांत रुजली.

परंतु त्याच पेटींत, त्याच रुमालाच्या तळाशीं, दुसऱ्या एका जातीचे कागद असतात. इंग्रजी टंकलिखित अर्जाची नक्कल, प्राचार्यांचें शिफारसपत्र, परदेशी विद्यापीठाचें चार ओळींचें उत्तर, शिष्यवृत्तीचा करारनामा, बोटीच्या भाड्याची पावती, हे ते कागद होत. त्यांना कोणी 'साधन' म्हणत नाहीं. घर मोडलें, वाटण्या झाल्या, कीं मोडी रुमाल संशोधकाच्या हातीं येतो आणि हे कागद रद्दीवाल्याच्या.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य असें आहे कीं, अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास पदवीदानाच्या याद्यांवरून लिहितां येणार नाहीं. तो अर्जांवरूनच लिहावा लागेल. अर्जांतहि विद्यालयाकडे केलेला अर्ज दुय्यम असून पैसा, परवानगी किंवा आश्रय देणाराकडे केलेला अर्ज मुख्य होय. उच्च विद्येला दोन दरवाजे होते. त्यांपैकीं विद्येचा दरवाजा पुष्कळदां उघडा असे. द्रव्याचा दरवाजा अरुंद होता, आणि त्याच्याच उंबरठ्यावर बहुतेक अर्ज अडत.

२

हे दोन दरवाजे पूर्वीं वेगळे नव्हते. 'अर्ज' हा शब्द अरबी-फारसींतून आपल्या दप्तरांत आला. अर्जी, अर्जदास्त, विनंतिपत्र हीं त्याचींच भावंडें. मायना, मग विज्ञापना, मग आपल्या सेवेचा किंवा योग्यतेचा उल्लेख आणि शेवटीं मागणी, ही त्याची घडण वाचकांच्या परिचयाची आहे. विद्येच्या बाबतींत ह्या मागणीचें सर्वांत मोठें स्थान म्हणजे श्रावणमासची दक्षिणा. सेनापति दाभाडे यांच्याकडे तळेगांवीं सुरू झालेली ही दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविली. तिच्यासाठीं येणाऱ्या विद्वानांची परीक्षा होई व योग्यतेप्रमाणें रक्कम ठरे. म्हणजे विद्या पारखणारा आणि द्रव्य देणारा हे दोघे एकाच दरबारांत बसलेले असत.

१८१८ नंतर इंग्रजांनीं दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिच्याच पैशांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा निघाली, व पुढें दक्षिणेच्याच निधींतून ग्रंथांस बक्षिसें आणि महाविद्यालयांत फेलोच्या जागा देण्यांत आल्या. परंतु नव्या शिक्षणाचा पसारा वाढला तसतशी जुनी जोडी फुटली. पारखण्याचें काम विद्यापीठाकडे गेलें. देण्याचें काम सरकार, संस्थानिक व दानशूर व्यापारी यांच्याकडे राहिलें. एका अर्जाचे दोन अर्ज झाले ते येथून.

३

पुण्यास १८५४ सालीं एंजिनियरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली. १८६६ सालीं ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली. पुढें तिला 'कॉलेज ऑफ सायन्स' आणि १९११ सालीं 'कॉलेज ऑफ एंजिनियरिंग' असें नांव मिळालें. तेथें दीर्घकाळ मिळे ती एल.सी.ई. ही पदविका. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८३ सालीं ह्याच परीक्षेंत पहिले आले व लागलीच मुंबई इलाख्याच्या बांधकामखात्यांत असिस्टंट एंजिनियर झाले. पहिल्या क्रमांकास सरकारी जागेची हमी होती.

येथें एका गोष्टीचा उलगडा होतो. स्थापत्याची विद्या शिकलेल्या आपल्या तरुणांनीं त्या काळीं पुढील पदवीची आस कां धरली नाहीं? कारण ती विद्या खात्यासाठींच निघाली होती. रस्ते, पूल, पाटबंधारे बांधणारे अधिकारी हवेत म्हणून कॉलेज, आणि कॉलेजांतून निघाल्यावर खात्यांतली जागा. त्यापलीकडील पायरी विद्येची नसून नेमणुकीची होती, व वरिष्ठ नेमणुकांसाठीं इंग्लंडांत कूपर्स हिल येथें स्वतंत्र कॉलेज होतें, तें १९०६ पर्यंत चाललें. मुंबईस १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही गिरण्या व कारखाने यांना माणसें पुरवी. तिच्यांतूनहि पुष्कळ वर्षें पदवी नव्हे तर पदविका मिळे. तात्पर्य, एंजिनियरिंगचा संशोधक, प्राध्यापक किंवा नव्या यंत्राचा कल्पक घडविणारी पायरी ह्या देशांत बांधलेलीच नव्हती. ज्याला ती चढावयाची, त्याला समुद्र ओलांडणें भाग होतें.

४

हा समुद्र प्रथम ओलांडणाऱ्यांत पुण्याचे केशव मल्हार भट यांचें नांव घ्यावें लागतें. ते १८८२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत दाखल झाले. ही संस्था त्या वेळीं बोस्टन शहरांत होती. तेथें शिकणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी, असें रॉस बॅसेट यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. ज्या वर्षीं भट बोस्टनला होते त्याच सुमारास विश्वेश्वरय्या पुण्यास परीक्षेची तयारी करीत होते. एकाच शहरांतून निघणाऱ्या ह्या दोन वाटा होत: एक खात्याकडे जाणारी, दुसरी अज्ञात कारखान्यांच्या देशाकडे. पहिल्या वाटेचा हिशेब सरकारी यादींत बसतो. दुसरीचा हिशेब घरच्या कागदांवांचून लागत नाहीं.

दुसऱ्या वाटेवर द्रव्य कोणी पुरविलें हें पाहूं लागलें म्हणजे अर्जांचे पत्ते बदलत गेलेले दिसतात. १८९२ सालीं जमशेटजी टाटा यांनीं उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणारांना कर्जाऊ शिष्यवृत्ति देणारा निधि स्थापन केला. तिच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्यांचा विषय वैद्यक होता. ही मदत देणगीरूप नसून परत फेडावयाची होती. त्यामुळें अर्जदाराला 'मी विद्वान आहें' एवढेंच सांगून भागत नसे, 'मी फेडीन' हेंहि पटवावें लागे. १९०४ सालीं हिंदुस्थान सरकारनें तांत्रिक शिक्षणासाठीं परदेशच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्यांचा रोख खाणकाम, कापडधंदा अशा उद्योगांकडे असे, आणि कोणत्या धंद्यास माणूस हवा हें विद्यार्थी ठरवीत नसून सरकार ठरवी.

संस्थानिकांच्या आश्रयाचा प्रकार निराळा. विषय एंजिनियरिंगचा नसला तरी डॉ. भीमराव आंबेडकर यांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे, कारण त्यांतील अटी स्पष्टपणें ठाऊक आहेत. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड देऊं केले; त्याच्या बदल्यांत परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजीं झाला. विद्यापीठानें त्यांची बुद्धि पाहिली. बडोद्यानें त्यांचीं पुढचीं दहा वर्षें लिहून घेतलीं. हा करार हातीं नसता तर केवळ कोलंबियाच्या नोंदीवरून त्यांच्या पुढील आयुष्यांतील बडोद्याच्या प्रकरणाचा अर्थच लागला नसता.

ज्यांना असा आश्रय नव्हता ते आपल्या बळावर गेले. तळेगांव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे अमेरिकेंत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत यांत्रिक एंजिनियरिंग शिकूं लागले. तेथें गदर चळवळीशीं त्यांचा संबंध आला, १९१४ सालीं ते परतले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोरास फांसावर चढले. पदवीदानाच्या यादींत अशा माणसाला जागा नाहीं. इतिहासाला मात्र विचारावें लागतें कीं, घरून निघतांना त्यानें कोणाकडे काय मागितलें होतें.

१९१७ सालीं अमेरिकेनें आशियाच्या मोठ्या भागांतून येणाऱ्या लोकांस बंदी करणारा कायदा केला. विद्यार्थी त्या बंदींतून वगळलेले होते. त्यामुळें विद्यापीठाचें प्रवेशपत्र हा देशांत पाऊल ठेवण्याचा आधार झाला. येथपासून अर्जाच्या रुमालांत आणखी एक पत्ता वाढला तो वकिलातीचा.

५

१९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें व परकी चलनावर नियंत्रण आलें. त्याची अंमलबजावणी १९३५ सालीं स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेकडे होती. पौंडांच्या मुलखांत पैसे पाठविणें त्या मानानें सोपें राहिलें. डॉलर मात्र दुर्मिळ झाला. अमेरिकेच्या विद्यापीठानें बोलाविलें आणि बापानें शेत विकून रुपये उभे केले, तरी रुपयाचे डॉलर करण्याची परवानगी निराळी मागावी लागे. द्रव्याच्या दरवाज्यालाच आंत दुसरें दार बसलें. १९४७ च्या कायद्यानें हें नियंत्रण कायमचें झालें व तें सैल होण्यास अर्धें शतक लागलें.

ह्या ठिकाणीं रोहें-अष्टमीचा धागा मुख्य कथेंत येऊन मिळतो. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडजवळील नाते येथें झाला, पण घराणें व बालपण रोह्याचें. १९१२ सालीं ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांना मिळाली. पुढें केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत त्यांनीं निसर्गशास्त्रांचा अभ्यास केला आणि १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेंत ते पहिले आले. ऑगस्ट १९४३ पासून जून १९४९ पर्यंत ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. ह्या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. म्हणजे ज्या वर्षांत परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डॉलरांचा प्रश्न त्या बँकेच्या नियमांनीं सुटे किंवा अडे, त्या वर्षांत तिच्या शिरोभागीं रोह्याचा माणूस होता. १९५२ सालीं ते कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले, आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडल्यावर १९५६ पासून १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. एका हातांत चलनाची किल्ली, पुढें दुसऱ्या हातांत विद्यापीठांच्या अनुदानाची: वर सांगितलेल्या दोन्ही दरवाज्यांशीं संबंध आलेला असा दुसरा माणूस दाखविणें कठीण आहे.

ह्याच दोन दशकांत उच्च पायरी देशांत बांधण्याचें काम सुरू झालें. १९४५ सालीं नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेच्या तोडीच्या चार संस्था देशाच्या चार दिशांस काढाव्या, असें तिच्या १९४६ च्या अहवालाचें सार आहे. भट ज्या दाराशीं १८८२ सालीं जाऊन उभे राहिले, तेंच दार चौसष्ट वर्षांनीं नमुना म्हणून पुढें ठेवण्यांत आलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दरम्यान सरकारनें शेंकडों विद्यार्थी ब्रिटन-अमेरिकेस धाडले. १९५१ सालीं खरगपूर व १९५८ सालीं मुंबईची संस्था निघाली. १९५९ सालीं मा. स. ठाकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें अभियांत्रिकीचें पदव्युत्तर शिक्षण व संशोधन हा एकच प्रश्न हातीं घेऊन १९६१ सालीं अहवाल दिला. एम.टेक. व एम.ई. ह्या पदव्यांना स्वतंत्र व्यवस्था म्हणून जें रूप आलें त्यांत ह्या अहवालाचा वांटा मोठा आहे.

तरीहि समुद्राची वाट ओस पडली नाहीं. व्हिक्टोरिया जुबिली संस्थेतून १९५३ सालीं स्थापत्याची पदवी घेतलेल्या शकुंतला भगत यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची मास्टर्स पदवी मिळविली व पुढें पुलांच्या रचनेंत स्वतःची पद्धति काढून नांव केलें. दोन पदव्यांमधील अकरा वर्षें पदवीपत्रांवर दिसत नाहींत. अशा मधल्या वर्षांचा हिशेब जर कोठें लागत असेल तर तो अर्जांतच.

६

आजची व्यवस्था जुन्या दप्तरांच्या वाचकास कांहीं बाबतींत ओळखीची वाटेल. देशांतील एम.टेक.साठीं 'गेट' ही परीक्षा बंगलोरची विज्ञानसंस्था व आय.आय.टी. मिळून घेतात. तिचा गुणांक तीन वर्षें चालतो, आणि त्याच गुणांकावर प्रवेश व दरमहाचें विद्यावेतन ह्या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. पारखणारा आणि देणारा पुन्हां एका दरबारांत येऊन बसले. दक्षिणेची जुनी जोडी ही अशी दोन शतकांनीं जुळली. रोहें-अष्टमीच्या विद्यार्थ्याला तर ह्या पदवीसाठीं जिल्हा सोडण्याचेंहि कारण उरलें नाहीं. माणगांव तालुक्यांत लोणेरे येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ त्याच्या शेजारींच आहे.

परदेशच्या अर्जाची गोष्ट मात्र अद्याप दोन दरवाज्यांचीच आहे. विद्यापीठाला गुणपत्रिका, उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रें व इंग्रजीच्या परीक्षेचा गुणांक पाठवावयाचा. बँकेला घराचा उतारा, जामीन व बापाच्या उत्पन्नाचा दाखला. पहिल्या अर्जांत मुलाच्या बुद्धीची मोजदाद होते, दुसऱ्यांत घराच्या ऐपतीची. टाटांच्या निधीपुढें उभा राहणारा अर्जदार 'मी फेडीन' असें लिहून देत होता. आजचा अर्जदार तेंच लिहून देतो, फक्त रकमेपुढील शून्यें वाढलीं आहेत.

कागदाचें मात्र रूप पालटलें. पूर्वीं शिफारसपत्र उघडें अर्जदाराच्या हातीं मिळे. अस्सल घरीं ठेवून तो त्याच्या नकला काढी, आणि 'खरी नक्कल' असा शेरा व अधिकाऱ्याची सही घेऊन त्या ठिकठिकाणीं पाठवी. आतां तें पत्र गुरूकडून थेट विद्यापीठाकडे जातें व पुष्कळदां अर्जदार तें कधींच पाहत नाहीं. सगळा व्यवहार संकेतस्थळावर होतो आणि मुदत संपली कीं त्याचा मागमूस घरांत राहत नाहीं. मोडी रुमालाला वाळवी व पाऊस हे शत्रु होते; ह्या दप्तराला विसरलेला परवलीचा शब्द पुरतो.

७

हे कागद वाचतांना कांहीं धोरणें ठेवावीं लागतील. शिफारसपत्रांतील स्तुति ही मायन्यासारखी ठराविक असते. तिच्यावरून माणसाची योग्यता ठरवूं नये. परंतु कोणी कोणासाठीं लिहिलें, ह्यावरून आश्रयाची साखळी उघड होते. एकाच पत्राच्या अनेक नकला सांपडल्या तर त्या टाकून देऊं नयेत. प्रत्येक नकलेवरील सहीची तारीख म्हणजे एकेक प्रयत्न होय, आणि तारखा लावल्या कीं अर्जदार किती वर्षें व किती दारीं फिरला हें कळतें. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेतली असेल तर पत्रिकेशीं ताडून पाहावी. नाकारल्याचें पत्र स्वीकाराच्या पत्राहून मोलाचें मानावें, कारण स्वीकाराची नोंद संस्थेकडे असते व नकाराची बहुधा फक्त घरीं. जमाखर्चाच्या वहींत त्याच महिन्यांत दागिने, जमीन किंवा कर्ज यांची नोंद आहे काय, हेंहि पाहावें. अर्जाचा खरा अर्थ पुष्कळदां त्या ओळींत असतो.

मुंबईच्या पुराभिलेखागारांत शिक्षणखात्याचीं दप्तरें आहेत. शिष्यवृत्त्यांचा सरकारी बाजूचा पत्रव्यवहार तेथें शोधावा. परंतु तो अर्धाच कागद होय. उरलेला अर्धा रोहें, अष्टमी, पेण, नागोठणें अशा गांवांतील कपाटांत आहे, व ज्यांनीं १९४५ ते १९६५ च्या दरम्यान असे अर्ज केले त्यांचीं घरें आज हातांतून हातीं जात आहेत.

संग्राहकांस विनंति अशी कीं, ह्यापुढें एखाद्या घरीं मोडी रुमालासाठीं गेलें असतां परत फिरण्यापूर्वीं इंग्रजी टंकलिखित कागदांची पुडीहि मागावी, आणि ती देणाराची अनुमति घेऊन, नांवें-तारखांची यादी करून, रुमालासोबतच ठेवावी. ज्या घरानें एका शतकांत वतनासाठीं अर्ज केला त्याच घरानें पुढच्या शतकांत विद्येसाठीं केला असेल, तर ते दोन कागद वेगळे करण्याचा अधिकार इतिहासाला नाहीं.